देव तेवढा बापच का?

आज गोव्यात म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं फेस्त (सण). तेल वाहायच्या रांगेत माझ्यापुढे कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेल्या दोन बायका, मागे रोझरी घेतलेली म्हातारी. शिरगावची लईराई देवी आणि ही सायबीण सख्ख्या बहिणी, हे इथे कुणाला समजावावं लागत नाही. सोबतचा मित्र मध्येच म्हणाला, "गाऱ्हाणं घालायला आई, मग देव तेवढा बापच का रे?"

प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. कॅथलिक धर्मशिकवण स्वच्छ सांगते, देव ना पुरुष ना स्त्री. इस्लामलाही अल्लाहसारखं दुसरं काहीच मान्य नाही. तरी ख्रिस्ती प्रार्थनेत पिताच. मला वाटतं, हे धर्म घडले तिथे जमीन, न्याय आणि तलवार पुरुषांच्या हाती होती. सर्वसत्ताधीश म्हटलं की तोच चेहरा डोळ्यांपुढे यायचा. त्यात देव एकच ठरल्यावर शेजारी देवी बसवायची सोयच उरली नाही. ती कधीकाळी असावी. सिनाईतल्या कुंतिलेत अजरूद इथे इ.स.पू. ८०० च्या आसपासच्या लेखांत यहोवा, म्हणजे बायबलमधल्या देवासोबत 'त्याची अशेरा' येते. अनेक अभ्यासक तिला देवी मानतात, काहीजण नुसता पूजेचा खांब. बायबलमध्येही यशयाच्या ग्रंथात देव म्हणतोच, आई मुलाची समजूत काढते तशी मी तुमची काढीन.

आपणही फार शेफारायला नको हं. शांतादुर्गा, महालसा, कामाक्षी सगळ्या आपल्या, पण गाभाऱ्यात पूजेला बसतो तो भटजीच!