मामाच्या विहिरीत ड्रायसूट

आइसलँडला जायचं तर आधी वाईला जायला हवं, हे सांगलीत माझ्या ऑफिसातल्या कुणालाच पटवता आलं नाही. वाईला देवदर्शन, वाईला मेणवलीचा घाट, फार तर वाईवरून पाचगणी. वाईजवळच्या एका उसाच्या मळ्यात ड्रायसूट घालून डायव्हिंग शिकायला निघालेय म्हटल्यावर एकीनं विचारलं, "तिथं समुद्र कुठाय?"

समुद्र नाही, विहीर आहे. आणि मामेभाऊ आहे. दादा बरीच वर्षं स्कॉटलंडला असतो आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्या थंडगार लॉकमध्ये, म्हणजे तळ्यात, लोकांना डायव्हिंग शिकवतो. येत्या उन्हाळ्यात आम्हाला सिल्फ्राला जायचंय. आइसलँडच्या थिंगव्हेलिर राष्ट्रीय उद्यानातली ही भेग. उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतायत, त्यात जमीन फाटलीय आणि त्या फटीत हिमनदीचं वितळलेलं पाणी लाव्हाच्या खडकातून वर्षानुवर्षं गाळत गाळत येऊन साठतं. शंभर मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं म्हणतात. पण तापमान बारा महिने २ ते ४ अंश. तिथं ड्रायसूटशिवाय गत्यंतर नाही, आणि तो वापरता येतो याचा पुरावा दाखवल्याशिवाय कुणी तुम्हाला सिलिंडर लावून पाण्यात सोडत नाही.

माझं शिक्षण तारकर्लीचं. कोमट समुद्र, पातळ वेटसूट. वेटसूटमध्ये पाणी आत शिरतंच. अंगाच्या उबेनं ते तापतं आणि तेवढ्यावर भागतं. ड्रायसूटमध्ये पाण्याला प्रवेशच नाही. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं, म्हणून अंग आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा एक थर ठेवायचा, एवढीच त्यामागची युक्ती. खरं तर ऊब सूट देतच नाही. ती देतो आत घातलेला लोकरीसारखा जाड कपडा, आणि सूट फक्त तो कोरडा ठेवतो.

सांगली सोडून आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, मग हायवेनं कराड, सातारा. हा रस्ता सगळ्यांनाच पाठ आहे, त्यावर काय लिहायचं. साताऱ्याच्या पुढं मात्र आम्ही लिंबला वळलो. बारा मोटेची विहीर दादानं लहानपणी पाहिली होती, मी कधीच नाही. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ दरम्यान, विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. ११० फूट खोल, ५० फूट व्यास, आत खांबांवर कोरीवकाम केलेला चक्क एक महाल. वर मोटांच्या जागा अजून दिसतात. मोटेचं कातडं पाणी आत धरून वर यायचं. आमच्या डिकीतल्या ड्रायसूटला तेच पाणी बाहेर ठेवून खाली जायचं होतं. दादा कठड्याशी उभा राहून खालच्या पाण्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला. मी त्याला दंडाला धरून गाडीत बसवलं. असल्या वास्तूत डोळ्यांनीच उतरायचं असतं.

मामाची विहीर त्या मानानं साधी. काळ्या दगडाची, एका बाजूनं पायऱ्या, दुसऱ्या बाजूला मोटर, वर वाकलेल्या बाभळीला सुगरणींचे रिकामे खोपे. यंदा पाऊस चांगला झाल्यामुळं डिसेंबरातही चार परस पाणी होतं, म्हणजे सात मीटरच्या आसपास. दादानं सगळ्यात आधी मोटरचा मेन स्विच पाडला, फ्यूज काढले आणि मामाच्या खिशात घातले. विहिरीत विजेचा शॉक लागून माणसं जातात, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत असतं आणि तरी मोटर चालू ठेवून पोरं सूर मारतात.

सूट चढवणं हाच एक कार्यक्रम. मनगटांना आणि गळ्याला लॅटेक्सचे घट्ट सील असतात, त्यातून हात आणि डोकं बाहेर काढायचं. टाल्कम पावडर लावायची, नखं कापलेली हवीत, अंगठ्या नकोत. बांगड्याही नकोत, म्हटल्यावर मामीचा चेहरा उतरला. "एक तरी ऱ्हाऊ दे गं," म्हणाली. पण काचेच्या कडेनं लॅटेक्स चिरलं तर सूटची पिशवी होते, पाण्यानं भरलेली. मंगळसूत्रही गळ्याच्या सीलखाली चालत नाही. केसांची एक बट जरी सीलमध्ये अडकली, तरी तिच्या वाटेनं पाणी झिरपत राहतं. गळ्याचा सील नको तितका घट्ट असेल तर मानेतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन भोवळ येऊ शकते, म्हणून दादानं मला काठावर तसंच पाच-दहा मिनिटं बसवून गप्पा मारल्या. मग खांद्यांवरून आडवी जाणारी झिप. ती आपली आपल्याला लावता येत नाही. मेण लावून, अगदी शेवटच्या दातापर्यंत ओढून, परत एकदा दुसऱ्यानं बघायची.

मामा हे सगळं बाजेवर बसून बघत होता. "आगं, ह्या पोत्यात शिरून पवायचं व्हय? उकडून मरशील की!"

उकडत होतंच. सकाळचे नऊ, थंडी अजून अंगावर होती, तरी सूटमध्ये घाम सुटला. शेवटी गळ्याचा सील बोटानं ओढून खाली उकिडवं बसायचं, म्हणजे आतली जादा हवा फुस्सकन निघून जाते. या क्रियेवर मळ्यातली सगळी पोरं हसली, आणि त्यांचं चुकलं नाही.

पाण्यात उतरल्यावर कळलं की कृष्णेत पोहून आलेलं अंग इथं फारसं कामाचं नाही. पाण्याची सवय मला आहे. इथं सांभाळायची होती हवा. छातीवर एक व्हॉल्व्ह असतो, तो दाबला की सिलिंडरमधली हवा सूटमध्ये येते. डाव्या दंडावर दुसरा, तिथून ती बाहेर जाते. पण डावा खांदा सगळ्यात उंच असेल तरच, कारण हवा नेहमी वरचं टोक गाठते. खाली जाताना दाब वाढतो, हवा आकसते आणि सूट चहूबाजूंनी आवळायला लागतो. मांडीला, काखेत अक्षरशः चिमटे बसतात. दोन फुंका हवा सोडली की सुटतात. वर येताना बरोबर उलटं, हवा फुगते आणि वेळेत काढली नाही तर तीच तुम्हाला वर फेकते.

विहीर उथळ म्हणून सोपी, असं मला वाटत होतं. दादा म्हणाला, पहिल्या काही मीटरांतच हवेचं आकारमान सगळ्यात झपाट्यानं बदलतं, तीसवरून पंचवीस मीटरला येताना तेवढं नाही. त्यामुळं तळाशी मी शहाण्यासारखी तरंगायचे आणि वरच्या तीन मीटरांत माझी तारांबळ.

मग उलटं होण्याचा धडा. डोकं खाली, पाय वर गेले की सूटमधली हवा धावत पायांकडं जाते. तिथं ती काढायला व्हॉल्व्ह नसतो, पाय फुगतात, फिन्स निसटू शकतात आणि माणूस पायांवर टांगल्यासारखा वर जायला लागतो. उपाय एकच, गुडघे पोटाशी घ्यायचे, कोलांटी मारून सरळ व्हायचं आणि लगेच दंडावरचा व्हॉल्व्ह उंच धरायचा. दादानं मला मुद्दाम, न सांगता, पाय धरून उलटं केलं. हिरवट पाणी, हातभर लांबचंच दिसतंय, दगडी भिंत उलटी सरकतेय आणि कपारीतून मामाचं कासव मान बाहेर काढून बघतंय. कोलांटी जमली. तळाचा गाळ मात्र सगळा ढवळून निघाला.

मामानं एक काम सांगितलंच होतं, "उतरलाच हाईसा, तर फुटबॉल बघून या. पाणी कमी फेकतिया मोटर." फुटबॉल म्हणजे सक्शन पाइपच्या तोंडचा फूट व्हॉल्व्ह. तो बघितला. त्याच्या जाळीला पाला आणि एक प्लास्टिकची पिशवी घट्ट बसली होती. दादानं ती काढली. मामाच्या लेखी अख्ख्या सकाळीतलं उपयोगाचं काम तेवढंच.

बाहेर आल्यावर झिप उघडली, आतले कपडे पाण्यानं कोरडे आणि घामानं ओले. मनगटाशी थोडी ओल होती. मूठ जोरात आवळली की शिरा ताणतात आणि तिथून पाणी घुसतं, असं दादा म्हणाला. हा झाला बंदिस्त पाण्यातला सराव. मोकळ्या पाण्यातले डाइव्ह मे महिन्यात स्कॉटलंडला, जाड कपडे आत घालून. त्यासाठी खाली जायला अंगावर बांधायचं शिसंही जास्त लागेल, कारण जाड कपड्यात हवा जास्त अडकते.

जेवण झाल्यावर आमचा पाचगणीला जायचा बेत होता, स्ट्रॉबेरीसाठी. दादानं तो मोडला. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे, आणि तीनशे मीटरच्या वरचं डायव्हिंग उंचीवरचं धरतात. त्यात पसरणी घाट चढून तेराशे मीटरच्या आसपास जायचं म्हणजे डाइव्हनंतर विमानात बसण्यातलाच प्रकार. वर हवेचा दाब कमी, तिथं अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून तो आधी निघून जायला हवा. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह केले तर १८. सात मीटरच्या विहिरीनं असा किती नायट्रोजन भरणार, असा वाद मी घातला. "सवय मोठ्या डाइव्हची लावायचीय," म्हणून तो बाजेवर आडवा झाला.

मामानं खिशातून फ्यूज काढून मला दिले आणि मोटरसायकलची चावी घेतली. "मी कुठं बुडालोय? मला घाट चालतोय की. किती आणू, दोन किलो?"