टोकियोचा टॉवेल

फुजी दिसला नाही, ढग होते. क्योतोत देवळांपेक्षा माणसांच्या पाठीच जास्त पाहिल्या. एवढं सांगितलं की दोन महिन्यांच्या जपानवारीतलं प्रेक्षणीय संपलं. उरलेला वेळ मी टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या एका बोळात, भाचीच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीत बसून शेजारी घर उभं राहताना पाहिलं. बायको म्हणाली, "बांधकामच पाहायचं होतं तर डोंबिवली काय वाईट होती?"

तिला कारण माहीत आहे. आमची पार्ल्याची सोसायटी 2018 साली पाडली. सोळा बिऱ्हाडं. त्याआधी नऊ वर्षं नुसत्या मीटिंगा. विमानतळाच्या फनेल झोनमध्ये असल्यामुळे उंची वाढवता येत नाही. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, कागदावर मिळतो, बसवायचा कुठे? त्यात एक सभासद सही देईनात. मग बिल्डर बदलला, आयओडी म्हणजे नकाशाची प्राथमिक मंजुरी आली, सीसी म्हणजे काम सुरू करायची परवानगी आली ती प्लिंथपुरतीच, जोत्यापुरतीच. आज तिथे प्लिंथ आहे आणि तिच्यावर उगवलेला एरंड. भाड्याचे चेक तीन वर्षांपासून बंद. तेव्हापासून क्रेन दिसली की माझे पाय आपोआप थांबतात.

तर तिसऱ्या दिवशी सकाळी भाचीच्या घराची बेल वाजली. दारात कामाच्या कपड्यांतला माणूस, हेल्मेट काखेत, कमरेतून वाकलेला. दोन्ही हातांनी त्यानं माझ्यापुढे एक चपटं पुडकं धरलं. मला वाटलं विक्रेता. मी "नो, नो" करत दार लोटायला लागलो, तसा तो आणखी वाकला. मीही वाकलो. किती वेळ वाकायचं असतं ते दोघांपैकी निदान मला तरी माहीत नव्हतं. शेवटी भाची जिन्यावरून धावत आली, चार वाक्यं बोलली, पुडकं घेतलं आणि तो माणूस पुढच्या दाराकडे गेला.

पुडक्यात टॉवेल होता. पांढरा, हात पुसायचा, वर कंपनीचं नाव छापलेली कागदी पट्टी. सोबत एक पान: काम कधी सुरू, कधी संपणार, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, रविवारी बंद, खाली फोन नंबर.

"मामा, शेजारी बांधकाम सुरू होतंय. आवाज होईल, धूळ होईल, म्हणून आधीच माफी मागायला आला होता."

"आणि आपली परवानगी?"

"ती आपल्याकडे कशाला मागेल? ती त्याला मिळालीय."

मी तो टॉवेल मांडीवर घेऊन बसलो. नऊ वर्षांत आमच्याकडे सह्या मागायला किती माणसं आली, चहा पिऊन गेली. टॉवेल कुणी दिला नाही.

संध्याकाळी भाचीनं लॅपटॉपवर वॉर्डाचा, कुठे काय बांधता येतं ते दाखवणारा झोनचा नकाशा उघडला. रंगीबेरंगी, लहान मुलाच्या चित्रकलेसारखा. जपानभर झोनचे प्रकार ठरलेले. 1992 च्या दुरुस्तीनं बारा झाले, 2018 मध्ये तेरावा आला. तेरापैकी निव्वळ कारखान्यांसाठी राखलेल्या एकाच झोनमध्ये घर बांधता येत नाही, बाकी बारांत येतं. अगदी शांत बैठ्या वस्तीच्या झोनमध्येही घराला जोडून छोटं दुकान चालतं. भाचीच्या बोळातही असा एक न्हावी आहे. वर राहतो, खाली केस कापतो.

मग तिनं वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. शेजारच्या म्हाताऱ्या बैठ्या घराचा प्लॉट 140 चौरस मीटरचा. त्याचे दोन केले, 70 आणि 70. बोळ चार मीटर रुंद. राहत्या झोनमध्ये रस्त्याच्या रुंदीला 0.4 नं गुणायचं: 1.6. हा इथला एफएसआय. सत्तर गुणिले 1.6, म्हणजे 112 चौरस मीटर, आपले बाराशे चौरस फूट, तीन मजल्यांत. बोळाच्या पलीकडच्या कडेपासून वर एक तिरकी रेघ काढायची, तिच्या बाहेर घराचा कोपरा जाता कामा नये. म्हणूनच इथल्या घरांचे वरचे मजले सुरीनं कापल्यासारखे तिरके दिसतात. मी इतके दिवस त्याला जपानी सौंदर्यदृष्टी समजत होतो.

रस्त्याच्या रुंदीवर एफएसआय आता मुंबईतही आहे. पण आमच्याकडे त्या आकड्यावर टीडीआर, फंजिबल, प्रीमियम असे जादा बांधकामाचे मजले चढतात आणि शेवटचा आकडा आर्किटेक्ट, बिल्डर आणि देव यांनाच कळतो. इथे भाचीनं तो पेन्सिलीनं काढला. नकाशा तपासणाऱ्यानं पाहायचं ते एवढंच, की घर नियमात बसतं का. बसत असेल तर "नाही" म्हणायची सोय त्याला नाही. 1999 पासून हे तपासायचं काम मान्यताप्राप्त खासगी संस्थाही करतात. एका घराच्या जागी दोन झाली, आणि कुणाच्याही केबिनबाहेर कुणी बसलं नाही.

भारावून जायची सवय मला आहे, म्हणून भाचीनं लगेच जमिनीवर आणलं. टोकियोच्या 23 वॉर्डांत 2023 साली नव्या फ्लॅटची सरासरी किंमत दहा कोटी येनच्या वर गेली. तिला पहिल्या वर्षी पाच घरमालकांनी परदेशी म्हणून नाकारलं. एकटी तीच नव्हे. न्याय मंत्रालयानं 2017 मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत घर शोधणाऱ्या परदेशी लोकांपैकी सुमारे 39 टक्क्यांनी हाच अनुभव सांगितला. शेवटी तिला आसरा दिला तो निशी-कासाईतल्या यूआर या सार्वजनिक संस्थेच्या इमारतीनं. तिथे जामीन लागत नाही आणि मालकाला "आभार" म्हणून द्यायची रक्कमही नाही. वायटूकेच्या, म्हणजे 2000 सालच्या संगणकी घोळाच्या वेळी आलेले आपले आयटीवाले तिथेच का जमले त्याचं एक कारण हे, दुसरं तोझाई ही मेट्रो लाइन. 2019 मध्ये आपले योगेंद्र पुराणिक याच वॉर्डाच्या सभेवर निवडून गेले. तोझाई लाइन सकाळी आठ ते नऊ टाळावी असा सल्ला देणार होतो. खरं सांगायचं तर त्या गर्दीला घाबरून मी चार वेळा फलाटावरूनच परत आलो. विरार लोकलमध्ये आयुष्य काढलेला माणूस मी.

आणि त्यानंतर बोळातलं हे घर तिला परवडलं कसं, याचं एक उत्तर तिच्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे. वॉर्डानं 2019 साली काढलेला पुराचा नकाशा. वॉर्डाचा बराचसा भाग भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, आणि नकाशाच्या मुखपृष्ठावर वॉर्डानंच छापलंय: इथे थांबू नका. त्याच्या शेजारी दूधवाल्याचा नंबर.

पलीकडे, उत्तरेच्या बाजूला, एक आजी एकट्या राहतात. त्यांच्या दक्षिणेच्या खिडकीत दिवसभर ऊन यायचं. त्या तिथे कपडे वाळत घालायच्या. नवं घर ते ऊन खाणार हे मलासुद्धा पहिल्याच आठवड्यात दिसलं. सावलीचा नियम आहे, पण या बोळाच्या झोनमध्ये तो उंच इमारतींना. दहा मीटरच्या आतल्या या घराला लागू नाही. भाचीनं त्यांना विचारलं तर त्या हसून म्हणाल्या, "श्योगानाई." चालायचंच. आमच्या सोसायटीत एका सभासदानं सही अडवली म्हणून मी त्यांना काय काय बोललो होतो ते त्या हसण्यानं आठवलं. त्यांचंही बहुधा अशाच एखाद्या खिडकीपायी अडलं असेल. मी कधी विचारलं नाही.

सहाव्या आठवड्यात, पाया वाळल्यावर, एका सकाळी क्रेन बोळात घुसली. कारखान्यातून कापून आलेले खांब, प्रत्येकावर अक्षर आणि आकडा. सहा-सात माणसं, आरडाओरडा जवळजवळ नाहीच. जेवायला उठलो तेव्हा दुसरा मजला होता, चहाला बसलो तेव्हा तिसरा, अंधार पडता पडता छपराचं आढं. मी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सही न देणाऱ्या सभासदांनी हात जोडलेले पाठवले. बाकी कुणी काही लिहिलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी बोळातून फेरी मारली. आजींनी कपड्यांची काठी दक्षिणेकडून काढून बोळाच्या बाजूला, दाराच्या वर बांधली होती. सकाळी तासभर तिथे ऊन येतं. काठीवर दोन मोजे आणि कंपनीनं दिलेला तो पांढरा टॉवेल वाळत होता.