तुम्ही विचारलंत म्हणून: नाकाला नळी, दातांना गार्ड

भाचीच्या लग्नात आम्ही पाहुण्या बायका एका हॉलमध्ये गाद्या घालून झोपलो होतो. मी पिशवीतून सीपॅपचं मशीन काढलं (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबानं हवा देणारं), नळी जोडली, डबीतला गार्ड दातांवर बसवला. मास्क चढवणार तेवढ्यात धाकट्या नणंदेनं विचारलं, "वहिनी, श्वासाचं मशीन आहे ना, मग दातांत हे काय? दोन्ही एकदम चालतं?" इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या शेजारणींनीही हेच विचारून झालंय. त्या रात्री तोंडात गार्ड असल्यामुळे धड बोलता येईना, म्हणून आता सांगते.

चालतं. माझ्याकडे मात्र दोन्ही वस्तू उलट्या क्रमानं आल्या, आणि घोळ तिथेच झाला.

मी झोपेत दात खाते. लहानपणी आईनं जंत झालेत म्हणून वावडिंगाचा काढा पाजला होता. पन्नाशीनंतर पुन्हा सुरू झालं ते कळलं इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत. थंडीतले गराडू, म्हणजे तळलेले कंद, खाताना दाढेचा टवकाच उडाला. गराडूचा काही दोष नाही, दाढ आधीच झिजली होती. दातांच्या डॉक्टरांनी वरच्या दातांचं माप घेतलं आणि रात्री लावायला कडक गार्ड करून दिला. घोरता का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. बाईमाणूस घोरतं हे कोण आपणहून सांगेल? आमचे हे मात्र म्हणायला लागले, "तू आता जास्तच घोरतेस." मी त्यांनाच दोन शब्द ऐकवले.

गार्डनं दाढा वाचल्या, पण सकाळी डोकं जड ते जडच. दुपारी वर्गात वह्या तपासताना पेन हातातून गळायचं. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली. तासाला 31 वेळा श्वास अडत होता किंवा उथळ होत होता. पाचाच्या आत असायला हवं, तिसाच्या वर म्हणजे तीव्र. या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात; पाळी गेल्यावर बायकांमध्ये तो वाढतो, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. मग त्यांनी गार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिला. गार्डच्या जाडीनं तोंड थोडं उघडं राहतं, खालचा जबडा मागे सरकतो, जिभेला जागा कमी पडते, आणि अशानं काहींचा श्वास आणखी अडतो. सगळ्यांचं होत नाही. माझं तसंच झालं असेल, हे सिद्ध करायला आता कुठलाच मार्ग नाही. ह्यांना मात्र पुरावा मिळाला.

जबडा पुढे ओढून धरणारा गार्डही असतो, पण तो वेगळा आणि घोरण्यावरचा. माझा फक्त दात वाचवतो. दोन्ही एकच समजू नका.

मशीन आलं. (1981 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत जगापुढे मांडली. आमच्याकडे तिला 'तुझा व्हॅक्यूम क्लीनर' म्हणतात.) हवेच्या दाबानं घसा उघडा राहतो. श्वास अडला की मेंदू दचकून जागा होतो, आणि पुष्कळदा त्याच दचक्यात जबडा आवळला जातो. दचके कमी झाले तसं दात खाणंही कमी झालं, पण थांबलं नाही. दाढेवर नवी कॅप बसवलेली, म्हणून गार्ड ठेवावाच लागला.

खरी कटकट पुढे होती. मास्क मी दुकानात बसून, गार्ड न लावता घेतला होता. नाकतोंड झाकणारा. घरी गार्ड लावल्यावर हनुवटी खाली गेली आणि कडेनं हवा थेट डोळ्यांत. पट्टे आवळले, तर गालांवर वळ उठले. शिवाय तसला मास्क जास्त आवळला तर जबडा मागे दाबला जाऊ शकतो, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी गार्ड लावून, आडवी पडून, मशीन चालू ठेवून मास्क निवडला. फक्त नाकाचा. दातांच्या डॉक्टरांना तपासणीचा कागद दाखवला, त्यांनी गार्ड घासून पातळ केला. आता सकाळी मशीनवर श्वास अडण्याचा तासाचा आकडा दोन-तीनच्या आसपास असतो.

एक गार्ड मी स्वतः घालवला. स्वच्छ व्हावा म्हणून उकळत्या पाण्यात टाकला, तो असा वाकडा झाला की दातांवर बसेचना. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी नणंदेला एवढंच म्हटलं, की रात्री माझं मशीन चालू असूनही हॉलमध्ये घोरण्याचा आवाज येत होता. त्या रागावल्या. परवा फोन आला, "वहिनी, ती तपासणी घरी येऊन करतात का हो?"

करतात.