सोनकिड्याची चकाकी कागदावर आणताना

सोनकिडा, म्हणजे चकचकीत हिरव्या कवचाचा भुंगेरा, रंगवताना चमकीचा, मेटॅलिक रंग मी वापरत नाही. तो सगळीकडे सारखाच चमकतो आणि स्कॅन केला की राखाडी दिसतो. चकाकी येते ती गडद आणि कोरा पांढरा हे एकमेकांना खेटून ठेवल्याने.

कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम, जाड), हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत. खरखरीत कागदावर टाकाचं, म्हणजे शाईत बुडवून वापरायच्या पेनाचं, टोक अडतं आणि शाईचे शिंतोडे उडतात. तीन सेंटिमीटरचा किडा चौपट, म्हणजे बारा सेंटिमीटर काढतो. मापं डिव्हायडरने घेतो. पेन्सिलीतच एक गोष्ट तपासायची: सहाही पाय छातीच्या भागातून निघायला हवेत. पोटातून निघालेले पाय जाणकाराला लगेच खटकतात.

शाई वॉटरप्रूफ, लाखेची. नव्या निबवर तेलाचा हात असतो, तो भांड्याच्या साबणाने धुतला नाही तर शाई थेंब होऊन घसरते. ही शाई फाउंटन पेनात भरू नये, वाळली की पेन कायमचं बसतं. पंखांच्या कवचावरचे खळगे मी ठिपक्यांनीच भरतो; उजेडाच्या पट्ट्यात ठिपका टाकायचाच नाही.

मग शाई पूर्ण वाळू द्यायची. मे महिन्यात अर्धा तास पुरतो, पण जुलैत मुंबईच्या हवेत रात्रभर थांबलेलं बरं. वरून कोरडी वाटते, पण ओला ब्रश फिरवला की करडा ओघळ येतो आणि हिरवा मळतो.

रंग तीन थरांत. आधी फिकट पिवळा, त्यावर थॅलो हिरवा (थॅलो हे रंगद्रव्याचं नाव). थॅलो फार जोरकस, ब्रशच्या टोकाएवढाच घ्यावा. शेवटी कडांना थॅलो निळा. हा निळा हौसेचा नाही. किड्याचा हिरवा रंगद्रव्यातून येत नाही, कवचातल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो त्यातून येतो. तिरकं पाहिलं की तो निळ्याकडे सरकतो, आणि गोलसर कवचाच्या कडा आपल्याला तिरक्याच दिसतात. रंग कवचाच्या रचनेतूनच येतो, म्हणून मेलेला किडा डबीत कितीही वर्षं राहिला तरी रंग तसाच.

चतुर या पारदर्शक पंखांच्या किड्याचं उलट. मेल्यावर त्याचे रंग काळवंडतात, त्यामुळे डबीतला नमुना फक्त पंखांच्या शिरांसाठी; रंग जिवंत चतुराच्या फोटोवरून. या शिरा काढताना एक थेंब शाईत पाच थेंब पाणी. नळाचं नको, डिस्टिल्ड घ्या, नाहीतर शाई फाटून कण तळाशी बसू शकतात. दाट काळ्या शिरांनी पंख जाळीच्या खिडकीसारखा जड दिसतो. मागचा पंख बुडाशी पुढच्यापेक्षा रुंद असतो, हे विसरलं की चतुराची टाचणी, म्हणजे त्याचा सडपातळ भाऊबंद, होते.

उरलेला कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत ठेवा. पावसाळ्यात दमट कागदावरचं सायझिंग (रंग लगेच शोषू न देणारा लेप) गेलं की रंग टीपकागदावर पडल्यासारखा शोषला जातो, ठिपके पसरतात, आणि तो कागद मग कच्च्या रेखाटनापुरताच.