धरणाच्या पोटातला घन

आज दुपारी पाऊस काही थांबेना, म्हणून लेकीसोबत २००७चा 'ट्रान्सफॉर्मर्स' पुन्हा पाहिला. ऑटोबॉट्स आणि डिसेप्टिकॉन्स, परग्रहावरच्या यंत्रमानवांचे दोन वैरी गट, एका घनासाठी, म्हणजे चौकोनी ठोकळ्यासाठी, पृथ्वीवर येऊन झुंजतात. ऑलस्पार्क त्याचं नाव, यंत्रांत जीव ओतणारा. आणि तो लपवलाय कुठे, तर अमेरिकेतल्या हूवर धरणाच्या पोटात! सिनेमात धरण बांधलंय तेच मुळी तो दडवायला.

"बाबा, खरंच?" लेकीनं विचारलं. मग सिनेमा थांबवून तिला खरी गोष्ट सांगत बसलो. कोलोराडो नदी, १९३१ला सुरू झालेलं काम, मंदीच्या दिवसांत रोजगारासाठी वाळवंटात आलेली हजारो माणसं, २२१ मीटर उंच भिंत. अधिकृत नोंदीप्रमाणे त्या कामावर ९६ जणांचा जीव गेला.

माझे आजोबा कोयना धरणावर मजुरीला होते. त्यांच्या हातांवरचे घट्टे मला अजून आठवतात. म्हणून एवढ्या कष्टाच्या भिंतीचं कारण एक गुप्त घन ठरवलेलं मला मनापासून खटकतं. बाकी सिनेमा आवडतोच; ऑटोबॉट्सचा म्होरक्या ऑप्टिमस प्राइम बोलायला लागला की आजही अंगावर काटा येतो.

शेवटची लढाई बघायची राहिली. लेक पणजोबांचा फोटो शोधत बसली.