मान टाकण्याआधी

कुंडीतल्या झाडानं मान टाकली की आपण तांब्या घेऊन धावतो. थोड्या वेळानं पानं ताठ होतात आणि जीव वाचवल्याचं श्रेय आपण घेऊन टाकतो. खरं तर मान टाकणं ही या प्रकरणातली फार उशिरा फुटलेली बातमी. माती सुकू लागते तेव्हाच आत हालचाली सुरू झालेल्या असतात. तहान लागल्यावर विहीर खणणं झाडाला परवडत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली पानाची पाठ पाहिली तर जागोजागी बाकदार पेशींच्या जोड्या दिसतात. या रक्षक पेशी. पाण्यानं फुगल्या की त्या बाहेरच्या बाजूला वाकतात आणि मधे फट पडते. सैलावल्या की फट मिटते. याच फटीतून अन्नासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि याच फटीतून वाफ बाहेर जाते. मुळांनी ओढलेलं ९० टक्क्यांहून अधिक पाणी असं हवेत उडून जातं. फट उघडी ठेवावी तर तहान, मिटावी तर उपास. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

मिटण्याचा हुकूम ॲब्सिसिक आम्लाचा, म्हणजे पाणी कमी पडलं की झाडात वाढणाऱ्या एका संप्रेरकाचा. हे रसायन १९६०च्या दशकात सापडलं, पण पेशीत ते नेमकं कोणाच्या हाती पडतं, हे पक्कं कळायला २००९ साल उजाडलं. जे कळलं ते भलतंच गमतीचं होतं. फट मिटवणारं किनेज नावाचं प्रथिन पेशीत आधीपासूनच असतं. दुसरं एक प्रथिन त्याला दाबून धरतं. आम्ल आलं की ते आपल्या ग्राही प्रथिनात जाऊन बसतं आणि ही जोडगोळी दाबणाऱ्यालाच जखडून टाकते. अडवणाऱ्याची अडवणूक! कचेरीतली फाईलसुद्धा पुष्कळदा अशीच पुढे सरकते. पण या आडवळणात सोय आहे. ऐनवेळी नवं काही घडवत बसावं लागत नाही. मोकळं झालेलं किनेज पेशीपटलातल्या वाहिन्या उघडतं, क्लोराइड आणि पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात, त्यांच्यामागून पाणी जातं आणि काही मिनिटांत फट मिटते.

मिटली, पण मग पान गार कोण ठेवणार? वाफेबरोबर उष्णताही निघून जात होती. आता भर उन्हात पान तापतं आणि नीट घड्या घातलेली प्रथिनं उलगडून एकमेकांत गुंतू लागतात. तिथे हीट शॉक प्रथिनं धावून येतात. उलगडलेल्याला धरून ठेवायचं, पुन्हा घडी घालू द्यायची. हा प्रतिसाद पहिल्यांदा दिसला तो झाडात नव्हे, फळमाशीत. इटलीच्या फेरुचो रितोसा यांनी तो १९६२ साली प्रसिद्ध केला. आपल्या पेशीही उष्णतेत हेच करतात, त्यामुळे झाडाकडे उगाच वरून बघायला नको.

हे सगळं फुकट होत नाही. पेशीत पाणी धरून ठेवायला मदत करणारं प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल साठवायचं, नवी प्रथिनं बनवायची, आणि तेही कमाई जवळजवळ बंद असताना. म्हणून वाढ थांबते, कधी जुनी पानं पिवळी पडून गळतात. आपण त्याला 'झाड रुसलं' म्हणतो. मला तो हिशेबीपणा वाटतो.

पाणी मिळाल्यावर पानं ताठ होतात, पण फटी पुष्कळदा लगेच पूर्ण उघडत नाहीत. साठलेलं ॲब्सिसिक आम्ल मोडून काढायला वेळ लागतो. शिवाय एकदा कोरड सोसलेल्या झाडात काही जनुकं पुढच्या खेपेला जास्त जोमानं जागी होतात, कारण डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर मागच्या दुष्काळाच्या रासायनिक खुणा काही काळ टिकतात. आपल्या तांब्यावर त्याचा एवढा विश्वास नाही, हे बरंच आहे.