पेनसिल्व्हेनियाच्या कपाटातली ७४२

पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एक बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल चालत नाही; रेमिंग्टनची ७४२ ही तशीच एक. हे गावाकडे सांगितलं तर कुणाला पटत नाही. बातम्या वाचून तिकडे समज असा, की अमेरिकेत कुणीही काहीही खांद्याला लावतो आणि जंगलात शिरतो. इथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलीचा हंगाम उघडतो. तेव्हा डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कापड अंगावर लागतं आणि प्रत्येक बाराला रायफल हातानेच भरावी लागते. २०१७ पासून लहानसहान प्राण्यांपुरती सेमी-ऑटोला मुभा मिळाली, हरणासाठी नाहीच. सीमा ओलांडून न्यूयॉर्कच्या उत्तरेकडच्या जंगलात गेलं की तीच रायफल चालते, फक्त आत सहापेक्षा जास्त गोळ्या मावता कामा नयेत. आणि आपली निम्मी मराठी मंडळं ज्या न्यू जर्सीत भरतात तिथे हरणासाठी साधी रायफलसुद्धा नाही. तिथे छऱ्याची बंदूक, धनुष्य नाहीतर ठासणीची.

ठासणीची म्हटल्यावर सिंधुदुर्गातल्या वाचकांचे कान टवकारले असतील. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर चकमकीच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र हंगाम असतो. आपल्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर जी भिंतीला टांगलेली असते, तिच्या पणजीसाठी इथले लोक हौसेने डॉलर मोजतात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार संपली आणि ते योग्यच झालं. पण रानडुकराने रात्रीत लोळवलेलं भात ज्याने पाहिलंय, त्याला इथली हंगाम-परवाना-कोटा ही पद्धत बघताना थोडा हेवा वाटतो, हेही खरं.

तर या नियमामुळे पेनसिल्व्हेनियात जुन्या रायफलींची एक गंमत बघायला मिळते. रेमिंग्टन कंपनीने १९५२ मध्ये पुढचा लाकडी दांडा मागेपुढे सरकवून भरायची मॉडेल ७६० काढली. १९५५ मध्ये सेमी-ऑटो ७४० आणली आणि १९६० ते १९८० या काळात तिची सुधारलेली बहीण ७४२, म्हणजे वुड्समास्टर. ७४२ दहा लाखांहून अधिक खपली. पेनसिल्व्हेनियाने मात्र ७६० उचलली, इतकी की तिला गमतीत ‘अमिश मशीनगन’ म्हणतात (अमिश म्हणजे आधुनिक यंत्रं टाळणारा तिथला धर्मपंथ). विशेष हे की या दोघींचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता भाग, मुळात एकाच घडणीचा. तरीही ७६० आज साठ वर्षांनी खडखडीत चालते आणि ७४२ ‘जॅम-ओ-मॅटिक’ म्हणून बदनाम आहे.

या नावाचाच मला राग येतो, कारण ते घेणाऱ्या दहांतल्या आठांना रायफल का अडकते, हे ठाऊक नसतं. बोल्टच्या डोक्यावर बारीक आट्यांसारखे दात असतात. ते रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या रायफलीच्या मधल्या सांगाड्यात, न अडकता थेट नळीच्या मागच्या पोलादी भागात गुंततात. म्हणजे दाबाचा सगळा भार नळी आणि बोल्ट घेतात, आणि ही रचना उत्तम आहे. .३०-०६ (थर्टी-ऑट-सिक्स) काडतुसाचा दाब चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत जातो, तरी लॉक ढिलं पडल्याची तक्रार क्वचितच असते. अडचण लॉक सुटल्यानंतरची. नळीच्या खालच्या भोकातून आलेला गॅस पुढच्या दांड्याआडच्या जड सरकत्या भागाला मागे ढकलतो, तो बोल्ट फिरवून ओढतो, आणि बोल्टचं डोकं रिसीव्हरच्या आतल्या दोन रुळांवरून धावतं. धावताना त्याचा कल सतत पुन्हा फिरण्याकडे असतो, त्याला सरळ ठेवतात ते फक्त हे रूळ. प्रत्येक बाराला कडक पोलादाचे दात मऊ रुळांवर थडथडतात आणि सुरीच्या धारेला पडतात तशा खाचा पडत जातात. एके दिवशी डोकं खाचेत वाकडं बसतं आणि बोल्ट अर्ध्यात अडकतो.

७६० मध्ये हेच रूळ आणि हेच डोकं, पण ते माणसाच्या हाताच्या वेगाने सरकतं. सगळा फरक तिथेच आहे. पेनसिल्व्हेनियातल्या शिकारीच्या नियमाने अजाणता एका रायफलीचं आयुष्य वाढवलं, असं म्हणायला हरकत नाही.

रिसीव्हर बदलून मिळत नाही, म्हणून रूळ गेले की रायफल गेली. दुकानदार ‘थोडं तेल सोडा, चालेल’ म्हणतो तेव्हा विश्वास ठेवू नका. मॅगझिन काढा, चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) रिकामं असल्याची डोळ्याने आणि बोटाने खात्री करा, बोल्ट मागे ओढून धरा आणि पुंगळी (काडतुसाचं रिकामं पितळी कवच) बाहेर पडते त्या खिडकीतून बारीक टॉर्चने दोन्ही रूळ बघा. चमकदार घासल्याच्या रेघा चालतात. नखाला अडेल अशा समांतर खाचांची रांग दिसली तर परत ठेवा. एखाददुसरा उठलेला काठ बारीक ऑइलस्टोनने हलका घासून घेता येतो, पण कानस लावू नका. रूळ जितका पातळ होईल तितकी बोल्टला वाकडं व्हायला जागा मिळते. १९८१ च्या ७४०० मध्ये कंपनीने दात कमी आणि मोठे केले, त्यामुळे हा त्रास कमी झाला, पूर्ण गेला नाही.

खाचा लवकर पडण्यामागे बहुधा मालकाचा हात असतो. जड गोळी आणि सावकाश जळणारी पावडर असली की भोकापाशी गॅसचा दाब जास्त राहतो आणि बोल्ट गरजेपेक्षा जोरात मागे येतो. .३०-०६ ला १५० किंवा १६५ ग्रेन वजनाच्या गोळीची साधी फॅक्टरी काडतुसं पुरेशी आहेत, १८० चालतात, ‘मॅग्नम’ छापाची जोरदार काडतुसं टाळा. घरी काडतुसं भरणाऱ्यांनी मध्यम वेगाची पावडर वापरावी, पुंगळी स्मॉल-बेस डायमधून (तिला दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या घट्ट साच्यातून) काढावी आणि लांबी २.४८४ इंचांवर कापावी. साध्या डायमधून निघालेली पुंगळी बोल्ट-ॲक्शनमध्ये, म्हणजे हाताने बोल्ट सरकवायच्या रायफलीत, हाताच्या जोराने बसते. इथे ढकलायला हात नाही, फक्त स्प्रिंग आहे, आणि तीही चाळीस-पन्नास वर्षांची. ती बदलणं ही या रायफलीवरची सर्वांत स्वस्त दुरुस्ती. आणि गॅसचं भोक कधीही मोठं करू नका. कुणीतरी ड्रिल चालवलेल्या ७४२ बाजारात भेटतात, तेव्हा रुळांची चौकशीही करायला नको.

दुसरा आजार चेंबरचा, आणि माझ्या मते अडकण्याच्या निम्म्या तक्रारी इथून येतात. बोल्ट-ॲक्शनची नळी मागून साफ होते. ७४२ ला गज तोंडाकडून घालावा लागतो आणि चेंबरपर्यंत साधा ब्रश नीट पोचत नाही. हंगाम संपतो, रायफल ओल्या तळघरातल्या कपाटात जाते, चेंबरमध्ये गंजाचे बारीक खड्डे पडतात. पुढच्या नोव्हेंबरात बार होतो तेव्हा पितळ दाबाने फुगून त्या खड्ड्यांत रुततं, बोल्ट ओढतो, आणि पुंगळी सुटण्याऐवजी तिची कड फाटते. कोकणात पावसाळ्यात कागदी काडतूस फुगून नळीत रुतून बसतं, त्याचाच हा पितळी भाऊ. फरक इतका की तिथे काडी घालून ते ढकलता येतं.

उपाय कंटाळवाणा आहे. आखूड, लवचीक दांड्याचा चेंबर-ब्रश वेगळा मिळतो, तोच घ्या. बोल्ट मागे अडकवून खिडकीतून ब्रश घाला, द्रावण लावून दहा मिनिटं थांबा, फिरवत घासा, मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा. चेंबरमध्ये तेल ठेवायचं नाही. तेलकट भिंतीला पितळ धरत नाही आणि धक्का सगळा बोल्टवर येतो. रुळांवर पातळ तेलाचे दोन थेंब पुरतात. ग्रीस किंवा सुकून लाखेसारखं झालेलं जुनं तेल उणे दहा अंशांत बोल्टचा वेग मारतं, मग बोल्ट पूर्ण फिरून लागत नाही. अशा वेळी चाप ओढला तर बार होत नाही, हे सुरक्षिततेचं लक्षण आहे, बिघाडाचं नव्हे. हाच प्रकार लोक स्वतःही ओढवून घेतात. आवाज नको म्हणून बोल्ट हाताने धरून हळूच पुढे सोडतात. तो धाडकन जाऊ द्यायचा असतो.

आता नेमाबद्दल. ७४२ नेम चुकवते, ही तक्रार मला अन्यायाची वाटते. चांगल्या अवस्थेतली ७४२ शंभर यार्डांवर तीन गोळ्या दोन-तीन इंचांत टाकते, एखादी दीड इंचातही. हरणाच्या छातीचा मर्माचा भाग साधारण आठ इंचांचा. पेनसिल्व्हेनिया-न्यूयॉर्कच्या दाट झाडीत शंभर यार्ड मोकळे मिळणं हेच नशीब. १५० ग्रेनची गोळी शंभर यार्डांवर दोन इंच वर ठेवली की दोनशेवर ती जवळपास नेमावर येते, आणि त्यापुढे या रायफलीने जाऊच नये. नळी पातळ आहे. चौथ्या-पाचव्या बाराला तापून गोळ्या सरकू लागतात, म्हणून नेम बसवताना तीन बारांनंतर नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबा. पुढच्या लाकडी दांड्याचा स्क्रू दर वेळी सारखाच आवळा. सफाईसाठी काढून उगाच जोरात आवळला की गोळी जागा बदलते आणि शिव्या दुर्बिणीला बसतात. चापही जड आहे, तो दोष मान्य.

बाकीच्या जुन्यांबद्दल थोडक्यात. जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरची, १९०६ मध्ये बाजारात आलेली रेमिंग्टन मॉडेल ८ म्हणजे घड्याळजीचं काम. अख्खी नळी बाहेरच्या आवरणात बोल्टसकट मागे सरकते, मग नळी आधी पुढे जाते आणि बोल्ट मागोमाग. गॅसचं भोक नाही, म्हणून गॅसची काजळी नाही. पण नेम धरायची माशी आवरणावर आणि नळी आत हलती, त्यामुळे तोंडाकडचं बुशिंग (नळीला धरणारं कडं) झिजलं की गोळ्या पसरतात. .३५ रेमिंग्टनमधली घ्या, .२५ आणि .३२ ची काडतुसं शोधण्यात हंगाम जाईल. विंचेस्टर मॉडेल १०० (१९६१ ते १९७३) घेताना एकच प्रश्न विचारा: फायरिंग पिन (काडतुसाला ठोका देणारी सळई) बदलली आहे का? जुनी पिन तुटून बोल्ट पुरता लागण्याआधी बार होण्याचा धोका होता, म्हणून १९९० मध्ये त्या परत मागवल्या गेल्या. नवी पिन बसल्याची खात्री होईपर्यंत तिच्यात काडतूस घालू नये. १९६७ ची बेल्जियममध्ये बनलेली ब्राउनिंग ‘बार’ (BAR) रायफल या सगळ्यांत सरस. सात दणकट दातांचा बोल्ट आणि बोल्ट-ॲक्शनच्या जवळ जाणारा नेम. मात्र ती जड आहे आणि पूर्ण उघडून साफ करणं घरच्या टेबलावरचं काम नाही.

७४२ विकत घेण्याआधी मालक तयार असेल तर चांदमारीच्या मैदानावर पाच बार काढून पुंगळ्या गोळा करा. कड सरळ, अंग गुळगुळीत असेल तर चेंबर ठीक. पितळावर उन्हाळ्यात घामोळं उठावं तसं बारीक पुरळ दिसलं, तर ते चेंबरच्या खड्ड्यांचे ठसे आहेत. आणि मॅगझिन कंपनीचंच मागा. दुसऱ्यांच्या मॅगझिनचे ओठ किंचित जास्त उघडे असले की चौथं काडतूस नाक वर करून अडकतं, आणि तिथेही बदनामी पुन्हा रायफलीचीच होते.